दुधावरची पोर

वाळवंटाकाठच्या नुआकशोत शहरात, स्टेडियमभोवती संध्याकाळी चालायला येणाऱ्या बायका सल्काचा शब्द खाली पडू देत नसत. झैनबू त्यांच्यात नवीनच होती, डॉक्टरांनी तंबी दिली म्हणून आलेली. अर्ध्या फेरीतच तिला धाप लागली, तशी सल्काने तिचा हात धरला.

"हळू गं बाई. नाकाने श्वास घे. आणि चहातली साखर आजपासून बंद! मासे खा, भाजी खा, सकाळी जरा उन्हात बस."

"तुम्हाला एवढं सगळं कसं ठाऊक, ताई?"

"भोगून ठाऊक झालं. आईने उंटिणीचं दूध पाजून पाजून मला फुगवलं. पोरगी बारीक म्हणजे घरात अन्न नाही, असं लोक म्हणतात ना! आता गुडघे गेले, रक्तदाब मागे लागला. आई कसली, वैरीणच ती!"

झैनबूचे डोळे भरून आले. तिचंही बालपण त्याच दुधात बुडालं होतं, पण हे असं तोंडावर बोलणारं तिला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

तेवढ्यात सल्काचा फोन वाजला. गावाहून तिची बहीण बोलत होती. सल्काची धाकटी लेक सुट्टीसाठी तिच्याकडेच होती.

"दूध ओकली? ओकू दे, परत पाज," सल्का म्हणाली. "तोंड उघडत नसेल तर पायाची बोटं काड्यांत धरून पीळ. पण शाळेला परत येईल तेव्हा तिची हाडं दिसता कामा नयेत. लोक मला काय म्हणतील?"

झैनबू जागच्या जागी थिजली.

सल्काने फोन पदरात खोचला आणि मागे वळून पाहिलं.

"अगं, अशी एकदम थांबू नकोस. हृदयाला चांगलं नसतं ते."