दासोलचा ताप

खोलीत नुसता समुद्र ऐकू येत होता, तेवढ्यात घराची बेल वाजली.

हेरिन दार उघडायला उठलीसुद्धा. मग लक्षात आलं, बेल बिछान्यावरच्या फोनमध्ये वाजतेय. घर डोंगरापलीकडे, सोलला. ती इथे सोकचोच्या हॉटेलात, सातव्या मजल्यावर, लेकीला पोहायला न्यायच्या तयारीत.

फोनच्या पडद्यावर सासूबाई होत्या. सोलच्या बंद दारापुढे, बेलमधल्या कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ की नाकच मोठं दिसत होतं. हातात गुलाबी फडक्यात बांधलेला डबा.

"आजी!" दासोल उडी मारून आली. कमरेत फुगवलेलं कडं, त्यावर बदकाचं तोंड. हेरिनने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

कालच तिने कळवलं होतं, दासोलला ताप आहे, छुसॉकच्या सणाला यायला जमणार नाही. लग्नापासून प्रत्येक छुसॉकला ती सासरच्या स्वयंपाकघरात तव्यापुढे उभी असायची, पूर्वजांच्या ताटासाठी तळण काढत. एक सण समुद्रावर जावा, एवढंच तिला हवं होतं. बेत नवऱ्याचा, गीहुनचाही होता. थाप एकटीची. तो आत्ता खाली पोहायच्या तलावात पाय सोडून बसला असेल.

तिने बोलायचं बटण दाबलं. "आई, तुम्ही? एवढ्या लांब?"

"लांब कसलं गं. बसमध्ये पाय पसरून आले, सगळे आपापल्या गावी पोचलेत. दार नको उघडूस, पोरीला वारं लागेल. भोपळ्याची पेज आणलीय. इथेच ठेवते."

दाराच्या कुलुपाचा नंबर त्यांना ठाऊक होता, गीहुननेच दिलेला. हेरिन त्यांच्या हाताकडे बघत राहिली. हात कुलुपाकडे गेला नाही.

"झोपलीय ती. आत्ताच डोळा लागलाय."

"झोपू दे. तो आवाज कसला येतोय?"

हेरिनने पायानेच गॅलरीचं काचेचं दार सरकवून लावलं. लाट बाहेर राहिली. "वाफेचं मशीन लावलंय, आई."

"बरं केलंस. तू जेवलीस का? आजारी पोराच्या आईला कुणी विचारत नाही."

"सकाळी ताट मांडलंत ना?" तिने विचारलं.

"छे. घरात लेकरू तापाने फणफणलेलं, आणि पूर्वजांना काय जेवायला बोलवायचं? नाही मांडलं. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, नातीसाठी थांबा जरा. जिवंतपणी जेवायला कधी पाच मिनिटं थांबले नाहीत. आता कुठे जाणार आहेत?"

त्या हसल्या. हसता हसता भिंतीला हात टेकला.

हेरिनच्या हाताखाली दासोलचा श्वास गरम लागत होता. सांगून टाकावं, आत्ताच.

"आई..."

"काय गं?"

"जिना सांभाळून उतरा."

"लिफ्ट आहे की, वेडे."

सासूबाई खाली वाकल्या, पडद्यावर नुसती समोरची भिंत उरली. डबा ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा त्या दिसल्या, अगदी जवळ. दाराला गाल लावल्यासारख्या, हलक्या आवाजात बोलल्या.

"दासोल, जागी असलीस तरी बोलू नकोस हं, घसा दुखेल. बरी झालीस की आजीला सांग. तेव्हा ताट मांडू. आजोबा काही खात नाहीत तोवर."

पडदा काळा झाला.

हेरिनने हात काढला. दासोलने स्वतःचा तळवा कपाळाला लावला, मग गळ्याला, आई लावते तसा. बराच वेळ लावून ठेवला.

"आई," ती कुजबुजली, "मी बरी कधी होणार?"