पिवळी रेघ

तपासनीस मोटरसायकलच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

"एकटाच आलास?" त्याने खालूनच विचारलं.

"हो," धाकटा म्हणाला.

पहिल्या वर्षी ट्रॅकवर शर्यतीसाठी नाव नोंदवताना ताई "हा माझा धाकटा" म्हणाली होती. तेव्हापासून तो सगळ्यांचाच धाकटा झाला होता. आज ताई नव्हती, नाव तेवढं उरलं होतं.

आजूबाजूला गजबज होती. कोणी कोणाच्या टायरची हवा मोजत होतं, कोणी कोणाच्या डोक्यावर छत्री धरून उभं होतं. एकाची आई तर डबा उघडून त्याच्या मागे मागे फिरत होती, आणि तो हेल्मेट काढायला तयार नव्हता. धाकट्याने गाडी टेम्पोतून फळी लावून एकट्यानेच उतरवली होती. उतरवताना ती अंगावर येता येता राहिली. सावरायला कोणी नव्हतं, आणि हसायलाही कोणी नव्हतं. त्याला त्या हसण्याचीच जास्त उणीव भासली.

तीन महिने त्याचा हाच उद्योग चालला होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि उरलेला वेळ गॅरेजात काढायचा. आरसे काढले, दिवे काढले, तेल बदललं. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं, म्हणजे ट्रॅकवर सांडलं तरी मागचा घसरायला नको. तेलाच्या बुचाला तार पिळून बांधली. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाच्या पेनने पांढरी रेघ ओढली, बोल्टच्या डोक्यावरून थेट खालच्या धातूपर्यंत. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळतं.

पूर्वी रेघा दोन असायच्या. ताई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होती. तिथली शिस्त तिने घरी आणली होती: एकाने आवळायचं, दुसऱ्याने बघायचं. आवळणाऱ्याची रेघ पांढरी, बघणाऱ्याची पिवळी. "रेघेशिवाय बोल्ट दाराबाहेर गेला तर तंगडं मोडीन तुझं," असं ती दर वर्षी बजावायची.

तंगडं नाही, पण गेल्या वर्षी खांद्याचं हाड मोडलं. तिसऱ्या वळणावर पुढचा ब्रेक निखळला आणि धाकटा गाडीसकट गवतात गेला. स्ट्रेचरवर झोपल्या झोपल्या, चारचौघांत, तो ताईवर ओरडला, "तू बघितलंच नाहीस!" ताईने एक शब्द काढला नाही. तो अबोला आजतागायत टिकून होता.

तिसऱ्या दिवशी, हात गळ्यात बांधलेला असताना, त्याला लख्ख आठवलं. ताईची रेघ ओढून झाल्यावर, शर्यतीच्या सकाळी, त्यानेच तो बोल्ट काढून ब्रेकचे पॅड बदलले होते. बोल्ट बोटांनी फिरवून ठेवला, पाना आणायला गेला आणि वाटेत गप्पांत रमला. हे ताईला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, करता करता वर्ष उलटलं. लाजेचं भाकरीसारखं असतं, जितकी शिळी तितकी गिळायला जड.

दोन खोल्यांच्या घरात दोघंच. ती पहाटे कामावर जायची आणि दुपारी परतायची, तेव्हा तो दुकानात असायचा. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट, एवढंच काय ते बोलणं. पिवळं पेन तिने गॅरेजातून उचलून नेलं होतं. त्याची जागा धाकट्याने रिकामीच ठेवली होती. एक मात्र बरं झालं होतं. पूर्वी त्याचे पाने गॅरेजभर लोळत असायचे, हल्ली डब्यात ओळीने लावलेले सापडायचे. एकटं पडल्यावर माणसाला वळण लागतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"धाकट्या, इकडे बघ," तपासनीस म्हणाला. "ह्या ब्रेकच्या बोल्टला तुझी रेघ नाही."

 काल सकाळी नवे पॅड बसवत असताना दुकानातून फोन आला होता. मालकाला कपाटाची किल्ली सापडत नव्हती. बोल्ट बोटांनी फिरवून धाकटा तसाच पळाला आणि संध्याकाळी गाडी सरळ टेम्पोत चढवली. तोच ब्रेक, तोच बोल्ट, तोच शहाणा.

तपासनिसाने ठराविक ताणाला आवाज करणारा पाना लावून जोर दिला. कट् असा आवाज आला. बोल्ट तसूभरही हलला नाही.

"घट्ट आहे की," तो म्हणाला. "पांढरी नाही, पण पिवळी आहे. ही बघ."

धाकटा गुडघ्यांवर बसला. बोल्टच्या डोक्यावरून खाली उतरलेली रेघ बारीक होती आणि पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. इतकी सरळ रेघ त्याला सात जन्मांत जमली नसती.

"तुझी पांढरी ओढ आणि रांगेत लाग," तपासनीस म्हणाला.

धाकट्याने पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. खिशातून फोन काढला. तिसऱ्या घंटीला तो उचलला गेला. पलीकडून नुसती लिफ्टची घरघर ऐकू येत होती. मागच्या रांगेतली माणसं माना वर करून बघायला लागली. गेल्या वर्षीही ह्यातली बरीचशी इथेच होती.

"ताई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गेल्या वर्षीचा तो बोल्ट मीच सैल सोडला होता. तू बघितला होतास."

"माहितीये," ताई म्हणाली. "म्हणून तर यंदा रोज दुपारी बघत होते."