पांढरा चौकोन

"पट्टा ओला आहे, पाय देऊ नका!" हेमाताई येणाऱ्याजाणाऱ्यांवर खेकसत होत्या. दोन वर्षं महापालिकेत खेटे घातल्यावर त्यांच्या मिसळीच्या दुकानासमोर रस्त्यावर टेबलं मांडायला पांढरा चौकोन आखून मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या टेबल उचलून बाहेर आल्या, तर चौकोनात स्कूटरींची रांग!

"अहो, इथे गिऱ्हाइकं बसणार आहेत!"

"पट्टे मारलेत म्हणजे पार्किंगच की, मावशी," म्हणत एकाने हेल्मेट आरशाला अडकवलं.

हेमाताईंनी तणतणत महापालिकेत फोन लावला. चौकोन आखून देणारे साहेब स्वतःच पाहणीला आले. दोन स्कूटरींच्या फटीत त्यांनी आपली गाडी बसवली आणि टेबल धरून उभ्या असलेल्या हेमाताईंकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, हे आधी आत घ्या बघू. लोकांनी गाड्या लावायच्या कुठे?"