हिरव्या शाईतलं पत्र

"सहाच्या सहा नामंजूर," डॉक्टर इंगोले म्हणाले आणि त्यांनी हिरव्या पेनाला टोपण लावलं.

रजेचे अर्ज टेबलाच्या कडेला सरकले. 'विषय : रजा' एवढं वाचलं की त्यांना पुरे व्हायचं. खालचं कारण, त्याखालचं नाव वाचत बसायला ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकाला फुरसत कुठली?

समोर सिस्टर उभी होती. इथे परिचारिकांच्या जागा सहा, भरलेल्या तीन, आणि त्या तिघीही ठेक्यावर. सकाळची पाळी संपली की तीच बाई दुपारच्या पाळीला हजर. डॉक्टरांना बदलून येऊन तीन महिने झाले होते. तिघींनाही ते सिस्टरच म्हणत. अकरा महिन्यांचा करार असलेल्या बाईचं नाव कशाला पाठ करायचं?

"सर, माणसं थकून राह्यले," सिस्टर म्हणाली. "कोनी एखादी पडन अशानं."

"मी थकत नाही का? मी पडलो का कधी?"

डॉक्टर पडले नव्हते हे खरं. त्यांच्या खोलीत गादीची खुर्ची होती, कूलर होता. सिस्टरने समोरच्या खुर्चीची पाठ हाताने धरली, पण बसली नाही. परवा एक जण न विचारता बसली होती, तेव्हा तिला बरंच ऐकावं लागलं होतं.

"ते सोडा. जोखमीच्या मातांची यादी आणा. चारला यवतमाळची मीटिंग आहे."

यादी तिच्या हातातच होती. गेल्या महिन्यात तालुक्यात एक बाळंतीण दगावली होती. तेव्हापासून चौकशीचे कागद थांबत नव्हते आणि डॉक्टरांची झोप उडाली होती. ते एकेक नाव वाचू लागले. बोरी अरब गावची बाई भरती झाली, ठीक. दुसरीला इंजेक्शनं सुरू, ठीक. तिसऱ्या नावावर पेन थांबला.

"रंजिता बादल राठोड. रक्त साडेसहा? हे काय आहे? ही अजून घरी काहून?"

"घरी नाई सर. कामावर हाये."

"साडेसहा रक्तावर कामाला जाते? पत्ता तर उमरखेडकडच्या तांड्याचा दिसतो."

"नाव माहेरी नोंदवलं. कामासाठी इकडं राह्यते. चवथा महिना हाये."

"नवरा?"

"पुसदले ट्रॅक्टर चालवते. थो बी म्हनते, सोड काम. पन घर दोघायच्या कमाईवर चालते."

"आधीचं मूल?"

सिस्टरने खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग म्हणाली, "मागच्या साली पाचव्या महिन्यात गेलं. कामावरच. उभ्या उभ्या."

डॉक्टरांनी यादी टेबलावर आपटली. "मग तुम्ही काय करता? समजावलं नाही तिला? जिल्ह्याला भरती करून रक्त चढवायला पाहिजे. नंतर पूर्ण आराम. ही बाई मरेल, सिस्टर!"

"समजते तिले सगळं. सुटी भेटत नाई. तीनदा मांगतली."

"कोण देत नाही?"

"कामावर ठेवनारा. खाडा केला तर दुसरी उभी करीन म्हनते."

आता डॉक्टर खरोखरच तापले. हे सांगायलाच हवं, कारण राग खोटा नव्हता. त्यांचा चेहरा लाल झाला. "माणूस आहे का जनावर? पोटुशी बाई राबवून घेतो! बाई गेली तर तो हात झटकेल, अन् मान माझी अडकेल. असल्यांना चौकात उभं करून विचारलं पाहिजे."

"तोंडानं सांगून आयकत नाई सर. कागद द्या."

"देतोच. नाव काय त्याचं?"

"नाव नका टाकू. आज हा हाये, उद्या दुसरा येईन, कागद बेकार जाईन. 'कामावर ठेवणारे प्रमुख' लिवा."

ही अक्कल डॉक्टरांना पटली. रुग्णालयाच्या छापील कागदावर त्यांनी हिरव्या शाईत झरझर लिहिलं. सदर महिलेस तातडीने भरती करणे व त्यानंतर तीन महिने संपूर्ण विश्रांती आवश्यक आहे. तिला आजच कामातून मोकळे करावे. तिला कामावरून काढल्यास, अथवा रजेअभावी तिच्या किंवा गर्भाच्या जिवास अपाय झाल्यास, सर्व जबाबदारी कामावर ठेवणाऱ्या प्रमुखाची व्यक्तिशः राहील. 'व्यक्तिशः' खाली त्यांनी दोन रेघा मारल्या. सही केली, शिक्का दाबला.

"आजच पोचवा. आणि पोच घ्या. नाहीतर उद्या म्हणेल, मला पत्र मिळालंच नाही. असे लोक फार बदमाश असतात."

"घेतो सर," सिस्टर म्हणाली.

बाजूच्या खोलीत पुंडलिकराव बाबू बसत. या दवाखान्यातल्या हजेरीपटावरची नावं वाचणारा तो एकच माणूस होता. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"जावकले चढवतो," ते हळूच म्हणाले, "अन् आवकले बी. तवरीक तू बस, बाई."

त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. एकाच पत्रावर दोन नंबर पडले. ती बसली, पेलाभर पाणी प्याली आणि उठली.

डॉक्टर मीटिंगसाठी कॉम्प्युटर लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिलं का पत्र, सिस्टर? काय म्हणाला तो?"

तिने पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि हिरव्या पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरला.

"पोच द्या, सर," रंजिता बादल राठोड म्हणाली.