मंगलीआजीचा अंगठा

मंगलीआजीनं पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा ठेवला आणि माझ्या सेवा केंद्रातला कम्प्युटर जागच्या जागी हँग झाला. मागं वीस माणसांची रांग होती. “काय केलं वं आजी?” मी खेकसले. सगळे तिच्याकडे बघायला लागले. अंगठा पदरात लपवून ती निघून गेली.

त्याच सकाळी कम्प्युटरनं ‘अपडेट करू का’ म्हणून विचारलं होतं आणि मी न वाचताच हो म्हटलं होतं. त्यानंतर कोणाचाही अंगठा टेकला की स्क्रीन गोठायची. माझाही टेकवून बघितला, तेच. चौथ्या दिवशी ते अपडेट काढून टाकलं, तेव्हा कुठं मशीन चालू झाली.

त्या दिवशी आजी सकाळपासून दाराबाहेर बसून होती. शेवटचा माणूस गेल्यावर मी विचारलं, “आत काऊन नाही आली?”

“आधी लोकायचं होऊन जाऊ दे म्हटलं, बाई. माह्या अंगठ्यानं आखीन बंद पडला तं?” तिनं अंगठा पुढं केला. लालबुंद झाला होता. “तीन दिवसापासून राखेनं घासून राहिलो.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि “लाव,” एवढंच म्हणाले.

मशीनवर हिरवा दिवा लागला. आजीनं कम्प्युटरला दोन्ही हात जोडले.

“माफ केलं मले त्यानं.”