एकाच पिंपातला तांदूळ

"मूठ घालताना तांदळाकडे बघू नये, देवाकडे बघावं," असं सासूबाई सांगून गेल्या होत्या आणि विमलाकाकूंनी ते इतकी वर्षं पाळलं होतं. गणपतीपासून रेशनच्या दुकानातलं मशीन अंगठे घेईना, वाडीतल्या गरिबांचं धान्य थांबलं, तेव्हा घरटी रोज एक मूठ तांदूळ देवळात आणायचा ही कल्पना त्यांचीच. कुणी किती घातला, कसला घातला, बघायचं नाही. सगळ्यांचा एकाच पिंपात.

आज मात्र त्या बघायलाच निघाल्या होत्या.

"हौसा कोंबड्यांना घालते आपला भात," उल्कानं सकाळच्या आरतीनंतर सांगितलं होतं. "या डोळ्यांनी पाहिलंय. उद्या वाटप आहे, तिचा वाटा बंद करा. हवं तर जाऊन बघून या, उगाच आमच्या माथी पाप नको."

संकष्टी होती. पोटात काही नव्हतं, ऊन चढत होतं. हौसाच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी काकू थांबल्या. अंगणात कोंबड्या खरोखरच भात टिपत होत्या. दारात प्लास्टिकची नवी खुर्ची होती. ती कुठून आली? आतून फोडणीचा वास आला. कसली फोडणी? चतुर्थीच्या दिवशी आपल्या मनात हे काय चाललंय, हे त्यांना कळत होतं. डोळे तरी फिरतच होते.

"या काकू," हौसा पदराला हात पुसत बाहेर आली. "दुर्वा न्यायला आलात, की बघायला?"

"दुर्वाच गं."

"तुमच्या परसात त्या गुडघाभर वाढल्यात."

काकूंना खोटं जमत नसे. "हौसा, कोंबड्यांना भात घालतेस?"

"घालते."

एवढंच बोलून ती आत गेली आणि टोप घेऊन आली. "हात घाला."

काकूंनी बोटं घातली. पांढऱ्या, न उकडलेल्या सुरय तांदळाची पार खळ झाली होती आणि त्या खळीत उकड्याचे लाल दाणे खड्यांसारखे टणक राहिले होते.

"सुरय शिजतो तेव्हा उकडा कच्चा," हौसा म्हणाली. "उकडा शिजवायला जावं, तर सुरयची लापशी खाली लागते. रोज हेच. पेज गाळून मामंजींना देते, आम्ही मायलेकी उरलेलं चावतो. जे आम्हांला पण चावत नाय, ते कोंबड्यांना. अंडी विकून तेलमीठ येतं."

ओसरीवर रावजी, तिचे सासरे, भिंतीला टेकून बसले होते. तोंडात एकही दात नव्हता. "सूनबाय, काकूंना पण वाढ गो! चावून बघू देत."

"त्यांचा उपास असेल आज."

"त्यांचा चंद्रावर सुटेल," म्हातारा हसला. "आपला मशीनवर."

काकूंच्या बोटांना भात चिकटला होता. त्यांच्या स्वयंपाकघरात उकड्याचा डबा वेगळा, सुरयचा वेगळा. उल्काकडेही तसंच. वाडीतल्या लग्न होऊन आलेल्या कुठल्याही पोरीला हे पहिल्या दिवशी कळतं. देवळातल्या पिंपात मात्र सगळ्याजणी डोळे मिटून मूठ सोडत होत्या.

"मग बोलली का नाहीस?"

"धर्माची गाय, तिला दात का नायत, म्हणून विचारू? आणि काकू, तुम्ही पण देवळात माझं बोलू नका. फुकटचं खाऊन हौसाला नखरे सुचतात म्हणतील. माझी पोर त्यांच्याच पोरींबरोबर शाळेत जाते."

"नाही बोलणार. आणि उद्या तुला मिसळलेला दाणा मिळणार नाही."

हौसानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "बघू," म्हणाली, आणि टोप उचलून आत गेली.

देवळात उल्का आणखी दोघीतिघींना घेऊन वाटच बघत होती. "काय, घालते ना?"

"घालते."

"मी म्हटलं नव्हतं! मग, बंद तिचं."

"चालू राहू दे," काकू म्हणाल्या. "आणि उद्यापासून पिंपं दोन ठेवू. उकडा वेगळा, सुरय वेगळा."

"का बरं? भेद नको, सगळं एकत्र, हे तुमचंच ना?"

काकू पिंपाचं झाकण काढायला वळल्या.

"घालते म्हणता नि राहू दे म्हणता?" उल्काचे डोळे बारीक झाले. "काय हो काकू, अंडी बांधून दिलीन की काय तुम्हांला?"

बायका हसल्या. काकूंच्या घरात अंड्याचं नावही कुणी घेत नसे. त्यांच्या ओठांवर सगळं आलं होतं, हौसाचा टोप, म्हाताऱ्याचं तोंड. त्यांनी ते गिळलं.

त्यांनी सभामंडपात चटई अंथरली. पिंपातला तांदूळ सुपात काढला, मांडी घातली आणि चष्मा पदरानं पुसला. लाल दाणा डावीकडे, पांढरा उजवीकडे. मान दुखायला लागली, तरी सुपाचा एक कोपराही मोकळा झाला नव्हता.

उल्कानं पायरीवर चपला घातल्या आणि वळून पाहिलं. "सगळ्या निघालो, नि ह्या एकट्याच का बसल्यात तांदळापाशी?" ती शेजारणीला म्हणाली. आवाज हळू होता, पण रिकाम्या मंडपात तो काकूंपर्यंत पोचला.

"थांबून बघू या का जरा?" शेजारीण म्हणाली.

दोघी खांबाआड उभ्या राहिल्या. काकूंनी मान वर केली नाही. त्यांनी पुढचा दाणा उचलला.