गोंदियाकडून येणारा ठिपका

उपग्रहानं टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांवरून बालाघाट आणि गोंदियातला व्यवहार किती वाढला, याचा मी घरी बसून अभ्यास करते. रस्त्यालगत उजेड वाढला, की व्यवहार वाढला असं धरायचं. वणवा, लग्नाचा मांडव असले तात्पुरते उजेड पुसून टाकायचे.

पावसाळ्यानंतरच्या चित्रात गोंदियाच्या रस्त्यालगत, राजेगावच्या पलीकडे, भाताच्या बांध्यांत एक ठिपका होता. मी पुसला. पुढच्या महिन्यात तो राजेगावच्या अलीकडे दिसला. तोही पुसला. मग दर महिन्याला तो रस्ता धरून इकडे सरकत राहिला. मागच्या चित्रात तो वैनगंगेच्या पुलावर होता.

आमचं घर पुलाच्या या बाजूला आहे. घरातलं शेवटचं माणूस परत येईस्तोवर अंगणातला बल्ब बंद करायचा नाही, हा मायचा नियम. मी शाळेत असताना बाबा गोंदियाला गेले, ते आलेच नाहीत. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, आणि तो बल्ब दिवसाही जळतो.

आज दुपारी माझ्या खोलीत, खाटेला पाठ टेकून मी नवं चित्र उघडलं. ठिपका कुठंच नव्हता. पुलावर नाही, रस्त्यावरही नाही. बरं वाटलं. पाणी प्यायला उठले, तर अंगणातला बल्ब बंद.

"माय, बल्ब गेला का?"

"नाही वं, मीच बंद केला." ती ताटं मांडत होती. तीन. "आता काहून जाळू?"

मी काही विचारणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. सकाळपासून तुह्याच खाटेवर निजले हायेत."